अकरा मिनिटांची नोंद

बाई आमच्या कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार बोलायला लागला की त्यांची पेन्सिल चालू व्हायची, तो थांबला की थांबायची. मधे मान वर नाही, भुवई वर नाही. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, बारा वर्षांनी लहान, आणि कामाला त्यांच्याच हाताखाली लागलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "साक्षीदार रडला, तर 'साक्षीदार रडला' असं लिहायचं. 'बिचारा रडला' असं लिहिलंस तर पेन्सिल काढून घेईन."

वकील मंडळी त्यांना टरकून असत. एकदा एका नावाजलेल्या वकिलाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी असं म्हणालोच नाही." बाईंनी वही चार पानं मागे उलटली आणि त्याचं वाक्य त्यालाच वाचून दाखवलं, मधल्या खोकल्यासकट. त्यानंतर तो त्यांना जिन्यात भेटला तरी आधी नमस्कार करायचा.

अशा बाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. वय चोपन्न, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं, पोटावर चार छोटी छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं, ते म्हणाले, "चला, तुझ्या पोटातही कुणीतरी भिंगातून बघणार म्हणजे." बाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कोर्टात आम्ही सगळे ओळखून होतो.

हॉस्पिटल तीन मजली. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन ऑपरेशन थिएटर्स, मधे हात धुवायची मोरी. भूल देणारे डॉक्टर मात्र एकच. पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं सौम्य. आदल्या संध्याकाळी येऊन त्यांनी दात हलतात का, कशाची ॲलर्जी आहे का, रक्तदाबाची गोळी कधी घेता, एवढं विचारलं आणि म्हणाले, "झोप लागेल. जाग्या व्हाल तेव्हा सगळं आटोपलेलं असेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेले, तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. यजमान खुर्चीत, हवा गेल्यासारखे. मला बघून बाहेर आले आणि कुजबुजले, "शुद्धीवर आल्यापासून एकच धोशा लावलाय. म्हणते, ऑपरेशन चालू असताना मी जागी होते. डॉक्टर म्हणतात, औषधाने असे भास होतात."

आत गेले. बाईंनी तोंड वळवलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पेन्सिल आहे का गं?"

पर्समध्ये होती. वहीही होती. डाव्या हाताला सलाईन होतं, तरी त्या लिहीत सुटल्या. मी वही धरून ठेवली. अर्धा तास. त्यांच्या कपाळावर घाम फुटला, यजमान दोनदा "पुरे गं आता" म्हणाले, पण थांबतील त्या बाई कसल्या! शेवटी वही माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "टाइप करून आण. स्वतःचं काही घालू नकोस. माझी दया येऊन तर अजिबात घालू नकोस."

रेघोट्या त्यांच्या नेहमीच्या सुबक रेघोट्यांसारख्या नव्हत्या. पण मला वाचता आल्या. टाइप करताना तीन वेळा उठून पाणी प्यायले.

घडलं होतं ते असं. भूल म्हणजे एकच एक औषध नसतं, हे मलाही तेव्हाच कळलं. हातातल्या नळीतून आधी दुधासारखं पांढरं औषध देतात, त्याने माणूस क्षणात झोपतो. वेदना कमी करायचं औषध वेगळं. आणि तिसरं औषध सगळे स्नायू सैल पाडतं, म्हणजे पोट ताठ राहत नाही, डॉक्टरांना काम करता येतं. त्यानंतर माणसाला बोट काय, पापणीही हलवता येत नाही. श्वाससुद्धा मशीन देतं. पांढऱ्या औषधाची झोप काही मिनिटांत उतरते. पुढची झोप टिकवतो तो भुलीचा वायू. तो एका छोट्या टाकीतल्या द्रवापासून तयार होऊन श्वासाबरोबर आत जातो. बाईंच्या वेळी ती टाकी मधेच संपली. झोप उडाली आणि स्नायू सैलच राहिले.

आधी आवाज आले. बाईंना वाटलं, ऑपरेशन आटोपलं. डोळे उघडायला गेल्या, उघडेनात. पापण्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. बोट हलेना. घशात नळी. आणि मग पोटात कुणीतरी काहीतरी ओढलं. वेदना औषधाने बोथट झाली होती, पण ओढ कळत होती, जळजळ कळत होती. ओरडावं म्हटलं, तर ओरडायला स्वतःचा श्वासच नव्हता.

"तेव्हा माझी पाचावर धारण बसली," बाईंनी मला नंतर सांगितलं. "वाटलं, मी मेले आणि यांना अजून पत्ता नाही. मग स्वतःलाच म्हटलं, तुला आता करता काय येतं? लिहिता येतं. तर लिही."

त्यांनी मनातल्या मनात नोंद घ्यायला सुरुवात केली. ज्या क्रमाने ऐकू आलं, त्या क्रमाने. माझ्या समोरचं पान असं होतं:

पुरुष आवाज एक: शेजाऱ्याने माझं ड्रिल मशीन नेलंय. चार महिने झाले. आता मागायलाही लाज वाटते.

पुरुष आवाज दोन: ऐकू आले नाही.

मशीनचा टुंग टुंग आवाज जलद होतो. मग घंटेसारखा आवाज.

स्त्री आवाज: सर आत्ताच समोर गेलेत. पल्स एकशे अठरा. वरचं बीपी एकशे नव्वद.

पुरुष आवाज एक: बीपीची जुनी पेशंट आहे. तो आवाज बंद कर गं, डोकं उठलं.

घंटेचा आवाज बंद.

त्यापुढे श्वास मोजायला सुरुवात केली. उशिरा केली, म्हणून आकडा कमी धरावा.

आणि असंच पुढे. मधेमधे 'ऐकू आले नाही', 'शब्द अस्पष्ट', 'हा आवाज दोनचा की तिसऱ्याचा, सांगता येत नाही'. शेवटी दाराचा आवाज, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा सौम्य आवाज, त्यांनी कसलंसं इंजेक्शन मागितलेलं, आणि मघाचाच स्त्री आवाज, "सर, टाकी रिकामी दिसतेय." मग, "भर. पटकन भर." मशीनचे श्वास एकशे सदतीस. नंतर काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलेलं घेऊन गेले, तेव्हा खोलीत बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, कानात यंत्र. यजमान त्यांना समजावत होते, "अगं आई, डॉक्टर म्हणतात ते स्वप्न असतं. आपण तरी किती ताणायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून हिने मला एक शब्द वाढवून सांगितलेला नाही. दूध उतू गेलं तर किती गेलं तेवढं सांगते. आता हिला स्वप्नं पडायला लागली होय रे? तू गप्प बस."

यजमान गप्प बसले. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून ते बाईंच्या बाजूने जे उभे राहिले ते राहिलेच.

तिसऱ्या दिवशी घरी सोडायचा कागद आला. खाली छापलेलं होतं, 'भूल व शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. रुग्णाची तक्रार नाही.' बाईंनी वाचलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"मी सही करणार नाही."

नर्स म्हणाली, "अहो, सगळेच करतात. नुसती पद्धत आहे."

"मग पद्धत बदला. मी शुद्धीवर होते. ते लिहा, मग सही देते."

सर्जन स्वतः आले. उंचपुरे, घाईत. म्हणाले, "ताई, हे बघा, ऑपरेशन उत्तम झालंय. भुलीतून बाहेर येताना मेंदू गोष्टी रचतो. हवं तर मी मानसोपचाराच्या डॉक्टरांना तुम्हाला भेटायला सांगतो."

"त्यांनाही भेटेन," बाई म्हणाल्या. "तुमच्या शेजाऱ्याने ड्रिल मशीन परत दिलं का?"

सर्जन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग निघून गेले.

तरी कागद बदलला नाही. बाईंनी त्या छापील ओळीवर रेघ मारली, खाली स्वतःच्या अक्षरात 'मी शस्त्रक्रियेदरम्यान शुद्धीवर होते' असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली आणि भिंतीला धरून धरून स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. लिफ्ट चालू होती. त्यांना त्या लोकांकडून लिफ्टसुद्धा नको होती.

घरी आल्यावर मात्र वाईट दिवस गेले. उताणं झोपता येईना. यजमानांनी चुकून चादर तोंडावरून नेली तर किंचाळून उठायच्या. सासूबाईंच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक सहन होईना, म्हणून यजमानांनी सेलच काढून टाकला. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्या खरंच गेल्या, दर आठवड्याला. त्या डॉक्टर मात्र पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "असं घडतं. क्वचित घडतं, पण घडतं. तुम्ही रचलेलं नाही." बाई तिथे पहिल्यांदा रडल्या. मला सांगताना म्हणाल्या, "साक्षीदार रडला, एवढंच लिही."

कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलाने सुचवलं, थेट दावा लावा. बाई म्हणाल्या, "आधी त्यांच्या कागदावर येऊ दे. कागदावर नसलेलं घडलेलंच नसतं, हे मी इतकी वर्षं ऐकतेय. मला पैसे नकोत, वाक्य हवंय."

त्यांनी स्वतःची सगळी कागदपत्रं मागितली. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा यजमान दुकान बंद करून हॉस्पिटलच्या बाकावर दिवसभर बसले, तेव्हा मिळाली. त्यात भुलीचा तक्ता होता. दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब किती, हे भूल देणाऱ्याने हाताने लिहायचं असतं. बाईंच्या तक्त्यात नाडी ऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. सपाट रस्त्यासारखी.

मी म्हटलं, "बाई, आता संपलं. यात काहीच नाही."

त्यांनी चष्मा चढवला, कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ नुसता तिरका धरून बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्या खोकल्यावाल्या वकिलाच्या वेळी पाहिलं होतं.

"इकडे ये. हे बघ. दीड तासाची नोंद आहे ना ही? शाई एक. कल एक. दाब एक. सगळे आकडे एका ओळीत, अंतर सारखं. तू दीड तास साक्ष घेतलीस तर तुझं अक्षर असं राहतं?"

नाही राहत. चालू कामात घेतलेली नोंद कधी घाईची असते, कधी सैल. मधेच कोपर हलतं, शाई जाड होते. हा तक्ता एका बैठकीत, निवांत बसून लिहिलेला होता. हे डॉक्टरला कळलं नसतं कदाचित. आम्हाला कळत होतं.

बाईंनी पत्र लिहिलं, आणि नवव्या दिवशी बोलावणं आलं. अधीक्षकांची खोली. अधीक्षक, सर्जन, भूल देणारे डॉक्टर, आणि दाराशी थिएटरमधली तंत्रज्ञ मुलगी, तिशीची, हात मागे बांधून उभी. आमच्या बाजूला बाई, यजमान आणि मी. बसताक्षणी बाईंनी वही उघडली.

अधीक्षक म्हणाले, "हे काय? ही काही सुनावणी नाही."

"नाही ना? मग लिहायला काय हरकत आहे?"

अधीक्षकांनी तक्ता पुढे सरकवला. "तुमचा आमच्यावर विश्वास नसेल, पण आकड्यांवर ठेवाल की नाही? नाडी ऐंशी. जागं असलेल्या घाबरलेल्या माणसाची नाडी ऐंशी असते का?"

बाई त्यांच्याकडे वळल्याच नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, हा तक्ता तुम्ही कधी लिहिलात?"

अधीक्षक म्हणाले, "उत्तर द्यायची गरज नाही."

बाईंची पेन्सिल चालत होती. "'उत्तर द्यायची गरज नाही.' लिहिलं. पुढे?"

यजमानांना हसू आवरेना. त्यांनी रुमालात खोकून घेतलं. भूल देणारे डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते टेबलाकडे बघत होते. मग म्हणाले, "ऑपरेशन संपल्यावर. पेशंटला बाहेर हलवल्यावर. एका बैठकीत."

"डॉक्टर!" अधीक्षक.

"मला बोलू द्या, सर. फार दिवस गप्प बसलो." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मॉनिटर स्वतःच्या आठवणीत सगळे आकडे काही दिवस साठवून ठेवतो. त्याची छापील प्रत होती ती. ऑपरेशनच्या संध्याकाळीच त्यांनी काढली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नाडी चौऱ्याऐंशी, मग एकशे अठरा, एकशे एकतीस. रक्तदाब एकशे नव्वदच्या वर. आणि अकरा त्रेपन्नपासून उतरत उतरत पुन्हा जाग्यावर.

"मी समोरच्या थिएटरमध्ये होतो," ते म्हणाले. "तिथे एका बाळंतिणीला भूल द्यायची होती. मी परत आलो, नाडी बघितली आणि बीपीचंच आहे असं समजून बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलं. टाकी हिने पाहिली. वायू मोजणारं यंत्र दुरुस्तीला गेलंय, मार्चपासून. ते असतं तर टाकी संपताक्षणी ओरडलं असतं. पण मी थांबायला हवं होतं. मी खोलीत हवा होतो." मग बाईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही जाग्या होतात. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी आलो नाही. माझं चुकलं."

दाराशी उभी असलेली तंत्रज्ञ म्हणाली, "यंत्रासाठी मी चार वेळा लिहून दिलंय. माझ्याकडे तारखा आहेत."

बाईंनी पान उलटलं. "तारखा सांग. सावकाश."

अधीक्षकांचा आवाज चढला. यंत्राचा आणि माणसांच्या संख्येचा विषय प्रशासनाचा आहे, त्याचा या तक्रारीशी संबंध नाही, असं काहीसं. बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "साहेब, यांचं चुकलं ते यांनी सांगितलं. ते मी सोडणार नाही. पण दोन खोल्यांत एक माणूस कुणी ठेवला, तेही त्याच कागदावर येणार. एकट्या यांच्या माथी मारून मोकळे होत असाल, तर मग मला दाव्याचाच विचार करावा लागेल. आणि माझ्याजवळ आत्ताच्या या खोलीतली नोंद आहे. खोकल्यासकट."

दोन तास लागले. वाक्यावाक्यावर घासाघीस झाली. अधीक्षकांना 'संभाव्य' हा शब्द हवा होता. बाई तो खोडत राहिल्या. शेवटी शिक्क्यासह मिळालेल्या कागदावर तीन ओळी होत्या. रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यान किमान अकरा मिनिटं शुद्धीवर होती. भुलीच्या द्रवाची टाकी रिकामी झाली होती व वायुमापक यंत्र उपलब्ध नव्हतं. एकच भूलतज्ज्ञ त्या वेळी दोन थिएटर्स सांभाळत होता.

अकरा हा आकडा श्वासांवरून आला. मशीन मिनिटाला बारा श्वास देत होतं. बाईंनी मोजलेल्या एकशे सदतीस श्वासांची तेवढीच मिनिटं होत होती, थोडी वरच.

यामुळे सगळं सुरळीत झालं, असं नाही. यंत्र पंधरा दिवसांत आलं. दुसरा भूलतज्ज्ञ यायला वर्ष लागलं. तंत्रज्ञ मुलीला सात महिने भांडारात बसवलं. बाईंनी दर महिन्याला एक पत्र पाठवून विचारलं, का. आठव्या महिन्यात ती थिएटरमध्ये परत आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांवर चौकशी झाली, ताशेरे आले, पण ते नोकरीत राहिले.

दोन वर्षांनी बाईंच्या पोटावरच्या एका जुन्या छिद्रातून आतडं कातडीखाली फुगून यायला लागलं, म्हणजे हर्निया. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल. कमरेतून सुई देऊन भागेल का, हे विचारून झालं. जागा पोटात वर होती, पूर्ण भूलच बरी, असं दोन ठिकाणी सांगितलं. यजमान म्हणाले, "दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात चल. म्हणशील तिथे."

बाई म्हणाल्या, "मी तिथेच जाणार. आणि भूल त्याच डॉक्टरांनी द्यायची."

"तुला वेड लागलंय का गं?"

"दुसऱ्या कुणाला मी सांगणार की टाकीकडे लक्ष ठेवा; तो हसून 'हो' म्हणणार. यांना सांगावं लागणार नाही."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि बाईंना भेटायला बोलावलं. या वेळी दोन मिनिटं नाही, तासभर. ते म्हणाले, "कपाळावर एक पट्टी लावीन, ती मेंदूची झोप आकड्यात दाखवते. वायू मोजणारं यंत्र तर आहेच. पण तुमचा यंत्रांवर विश्वास बसणार नाही, हे मला कळतं. म्हणून आणखी एक करतो. स्नायू सैल करायचं औषध देण्याआधी तुमच्या उजव्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून घट्ट फुगवतो. औषध त्या हातात उतरणार नाही. बाकी सगळं शरीर सैल पडेल, हात तुमच्या ताब्यात राहील. जाग आलीच तर दाबा. मी खोलीत असेन."

"खोलीत म्हणजे खोलीत?"

"खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. लिहून देऊ?"

"द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी लिहून दिलं.

ऑपरेशनच्या सकाळी शांत करायची गोळी बाईंनी नाकारली. थिएटरमध्ये चालत गेल्या. टेबलावर चढायच्या आधी त्या मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि टाकीची काच वाकून बघितली. भरलेली होती. तंत्रज्ञ मुलीने दंडाला धरलं तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "धर. पण ढकलू नकोस. मी माझी चढणार आहे."

पुढचं मला त्या मुलीने सांगितलं. तासभर तिने बाईंचा उजवा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला. दर पाच मिनिटांनी डॉक्टर वाकून बाईंच्या कानाशी मोठ्याने म्हणत, "ऐकू येत असेल तर हात दाबा." हात एकदाही दाबला गेला नाही. सर्जन तेच होते. तासभरात ते कामापलीकडचं एक अक्षर बोलले नाहीत.

बाईंना जाग आली ती बाहेरच्या खोलीत. यजमानांनी विचारलं, "काय काय ऐकलंस?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा झोपल्या. उताण्या.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. हॉस्पिटलने भुलीच्या आधी भरायच्या फॉर्मवर एक नवा प्रश्न छापलाय: यापूर्वी भूल दिलेली असताना तुम्हाला शुद्ध आली होती का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मी कौतुकाने तो फॉर्म त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची बाजू बघितली.

"आणि 'हो' म्हणणाऱ्याने पुढचं कुठे लिहायचं? कपाळावर?"

गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र गेलंय. किमान दहा ओळींची जागा ठेवा, असं.